आधारखडक क्रमांक सात

सर्जेराव सुताराचा उजवा हात दगडाला चिकटला तेव्हा दुपारचे पावणेबारा वाजले होते. आणि आपला हात चिकटलाय ही गोष्ट त्यानं चार वाजेपर्यंत कुणालाही सांगितली नाही.

सांगणार तरी कोणत्या तोंडानं? छप्पन्न वर्षांचा माणूस. सांगली-मिरजेतल्या निम्म्या गणेश मंडळांचे डोंगर, गुहा, धबधबे ज्यानं उभे केले तो कलाकार. तो आता डॉ. आठल्ये यांच्या दिवाणखान्यात स्टुलावर उभा होता, कोपरापर्यंत हात माशांच्या टाकीत होता आणि हात काही केल्या बाहेर येत नव्हता. खालच्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना. दोन पेशंटांच्या मधे ते वर येऊन डोकावून जायचे.

"काय सर्जेराव, जमतंय ना?"

"फिनिशिंग चाललंय," असं म्हणून सर्जेराव डाव्या हातानं एखादा खडा उगाच इकडचा तिकडे करायचा.

तिसऱ्या फेरीला डॉक्टर म्हणाले, "दोन वाजले. जेवून घ्या की."

"उपास हाय."

"आज? बुधवारी?"

"बुधवारचाच हाय."

चार वाजता मात्र डॉक्टर खुर्ची ओढून समोरच बसले. "सर्जेराव, चार तास तुम्ही एकाच दगडाचं फिनिशिंग करताय."

सर्जेरावानं छताकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "डॉक्टर, हात बसलाय."

"बसलाय म्हणजे?"

"दगडाला. पक्का."

हे असं कसं झालं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

२०४६ साली समुद्रात प्रवाळ फारसं उरलं नव्हतं. पाणी तापत गेलं तशी प्रवाळाची बेटं पांढरी पडत गेली, आणि जी काही रंगीत शिल्लक राहिली ती लोकांच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या समोर. सरकारनं मग 'गृहप्रवाळ' योजना काढली, प्रत्येक टाकीला नंबर दिला आणि प्रवाळ नोंदणी कक्ष नावाचं एक खातं उघडलं. समुद्र घाटापलीकडे, उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर, पण सांगलीच्या विश्रामबागेत गल्लीगल्लीत एक-दोन समुद्र नांदत होते. डॉ. कौस्तुभ आठल्ये दातांचे डॉक्टर. त्यांचा समुद्र दहा फूट लांब. "दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो हो," ते म्हणायचे, "संध्याकाळी जरा दुसऱ्या कुठल्या गुहेत बघावंसं वाटतं."

आता प्रवाळ म्हणजे काही कुंडीतलं झाड नव्हे. तो बारीक बारीक जिवांचा गोतावळा. त्याला बसायला खडक लागतो, आणि तोही भोकाभोकांचा, कारण पाणी स्वच्छ ठेवणारे जंतू त्या भोकांत राहतात. समुद्रातला खरा खडक उचलायला बंदी. मग खोटा करायचा. आणि खोटा खडक म्हटलं की सांगलीत एकच नाव होतं.

सर्जेरावाची रीत साधी होती. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ एकत्र कालवायचं, ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओतायचं. सुकलं की पाण्यात टाकायचं. मीठ विरघळतं आणि मिठाच्या जागी भोकं राहतात. पण सिमेंटमधला तिखटपणा पाण्यात उतरतो, मासे मरतात. म्हणून सहा आठवडे रोज पाणी बदलत दगड भिजवायचे. जोडायला प्लॅस्टिकच्या खुंट्या आणि फटी बुजवायची लांबी. देखाव्याला हे चालून जायचं, कारण दहा दिवसांत सगळं विसर्जन. टाकीतल्या दगडाला मात्र वर्षानुवर्षं उभं राहायचं असतं.

म्हणून 'जोडजीव' आलं. दिसायला शेवयाच्या खिरीसारखं, वासाला ओल्या भिंतीसारखं. त्यात कोट्यवधी जंतू. दोन दगडांच्या मधे लावलं की हे जंतू कॅल्शियम खातात आणि त्याचा दगड करून बाहेर टाकतात. मोडलेलं हाड जसं सांधतं तसे दोन दगड चाळीस मिनिटांत एकजीव. पेस्टमध्येच त्यांचा डबा बांधून दिलेला असतो, तो संपला की ते झोपतात. माणसाच्या कातडीवर त्यांना खायला काही मिळत नाही, त्यामुळे तिथं ते काम करत नाहीत. तरीही हातमोजे घाला, असं डबीवर तीन भाषांत लिहिलेलं होतं.

सर्जेरावानं हातमोजे जन्मात घातले नव्हते. "माल हाताला कळाय लागतो," हे त्याचं म्हणणं. आठल्यांच्या टाकीत त्यानं तीन आठवडे खपून असा काही डोंगर उभा केला होता की बघणाऱ्याचा हात आपोआप जोडला जावा. मधोमध कमान, कमानीखाली गुहा, गुहेत मागून उजेड. फक्त देव बसवायचा राहिला होता. नारिंगी पट्ट्याचा एक मासा तिथं जाऊन बसला तेव्हा सर्जेरावाला भरून आलं.

"डॉक्टर, वरनं पाण्याची धार सोडू काय? गंगा वाटंल."

"सर्जेराव, सगळं पाण्यातच आहे हो."

शेवटचा दगड राहिला होता, कमानीच्या टोकाचा. तो लावण्याआधी, अकराला, सर्जेराव पंपाच्या कपाटाआड उकिडवा बसला. खिशातून दोन झाकणांची डबी काढली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, त्यावर नखानं चुना, आणि उजव्या अंगठ्यानं झकास मळली. तोंडात टाकली. हात पँटला पुसले. आणि त्याच अंगठ्यानं जोडजीव फासून दगड कमानीवर दाबून धरला.

कॅल्शियमचा बांधलेला डबा खाऊन झोपी जायच्या बेतात असलेल्या जंतूंना अंगठ्याच्या रेघारेघांत चाळीस वर्षांचा मुरलेला चुना सापडला. त्यांची झोप उडाली ती उडालीच.

आता कुणीही म्हणेल, एवढंच ना? मग सांगून टाकायचं, चुना होता म्हणून. तर तिथंच सगळी गोम होती.

तीन वर्षांपूर्वी याच डॉ. आठल्यांनी सर्जेरावाच्या गालात एक पांढरा डाग दाखवला होता. डाग साधाच निघाला, पण सर्जेरावाची बायको नंदा हादरली. ती तडक मिरजेच्या अंबाबाईला गेली आणि नवस बोलून आली, "यांची तंबाखू सुटू दे, मी जन्मभर चहा सोडीन."

नंदाचा चहा काय होता हे ज्याला ठाऊक नाही त्याला या नवसाचं वजन कळणार नाही. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामात ती पंचवीस वर्षं हळद निवडत होती. सकाळपासून नाकातोंडात हळद. चार वाजता ती आलं ठेचायची, चहा उकळायची, बशीत ओतून फुंकर मारत प्यायची, आणि तेवढा वेळ घरावर दरोडा पडला तरी उठायची नाही.

सर्जेरावानं तंबाखू खरंच सोडली. नऊ दिवस. नवव्या दिवशी नंदानं चहाचा डबा शेजारणीला देऊन टाकला. दहाव्या दिवशी सर्जेरावानं एका मंडपामागं, फक्त एकच चिमूट... आणि आता परत जाऊन सांगणार काय? तिचा चहा तर सुटलेला. तीन वर्षं रोज चार वाजता ती कपाळाला बाम चोळत बसायची आणि म्हणायची, "दुखू दे. तुमची सुटली नव्हं? बास झालं."

तर आता डॉक्टरांनी कंपनीच्या मदतक्रमांकाला फोन लावला आणि त्याच वेळी, 'तुझा नवरा अडकलाय' एवढाच निरोप मिळालेली नंदा गोदामातून तशीच धावत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

"आवो, काय झालं ओ हे? कुठं अडकलासा?"

"काय न्हाई गं. जरा चिकटलंय."

तिनं त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. फोनच्या स्पीकरवरून एक गोड बाई बोलू लागली. ती बाई म्हणजे अर्थातच यंत्र होतं.

"नमस्कार! मी जोडजीव सहायिका. आपला त्रास तो आमचाच त्रास. घाबरू नका. यावर सोडवणी नावाचा द्रव उपलब्ध आहे. मात्र एक समजून घ्या. आमचे जंतू शेवटचा घास ज्याचा खातात, त्याप्रमाणे स्वतःभोवती कवच करतात. ते कवच म्हणजे कुलूप. समुद्रातलं कॅल्शियम खाल्लं तर एक कुलूप, सिमेंटचं खाल्लं तर दुसरं, चुन्याचं खाल्लं तर तिसरं. किल्ली बरोबर लागली तर दहा मिनिटांत सुटका. चुकीची लागली तर कुलूप अधिक घट्ट. तर कृपया सांगावं, आपल्या हाताला चुना लागला होता का? भिंतीचा, पानाचा किंवा तंबाखूचा?"

टाकीतला पंप तेवढा बुडबुड करत होता.

"न्हाई," सर्जेराव म्हणाला.

"नक्की?"

"एकदा सांगितलं नव्हं बाई? न्हाई म्हंजे न्हाई."

नंदानं त्याचा हात सोडला. आपला तळवा खिडकीच्या उजेडाला धरून क्षणभर बघितला, पदराला पुसला आणि म्हणाली, "घसा सुकला. जरा पाणी पिऊन येते." ती डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आतून आल्याचा वास आला. सर्जेरावाला वाटलं, चार वाजून गेलेत, डॉक्टरांच्या चहाची वेळ झाली असेल. ज्या घरात आपण दगडाला चिकटलोय तिथं लोक सुखानं चहा पितात, याचं त्याला वाईट वाटलं.

तासाभरात आकाशातून एक भुणभुणतं यंत्र आलं आणि गच्चीवर सोडवणीची बाटली टाकून गेलं. समुद्राच्या कुलपाची. डॉक्टरांनी ती मोठ्या सिरिंजनं अंगठ्याभोवती सोडली. सगळे टक लावून बघत बसले. दहा मिनिटांनी दगडानं 'कट' असा आवाज केला आणि सर्जेरावाच्या मनगटाभोवती पांढरी बांगडी तयार झाली.

"वा," डॉक्टर म्हणाले आणि लगेच म्हणाले, "म्हणजे वाईट झालं."

हाडाचे एक डॉक्टर येऊन गेले. रक्त व्यवस्थित फिरतंय, बोटांना स्पर्श कळतोय, पण दगड कुठं संपतो आणि कातडी कुठं सुरू होते हे त्यांच्या मशीनलाही दिसेना. कापणार काय? कमान फोडावी तर पावणेदोनशे किलोचा डोंगर काचेवर. सहायिका म्हणाली, "कवच आठ दिवसांत आपोआप मऊ होण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मग सर्जेरावासाठी दवाखान्यातली जुनी खुर्ची वर आणली. दात काढायला पेशंटला ज्यावर आडवं करतात ती. पाय लांब करता यायचे, मान टेकता यायची, बाजूला थुंकायचं छोटं भांडंही होतं. टाकीला खेटून खुर्ची, टाकीत हात. बाकीच्या सोयी कशा केल्या त्याचं वर्णन नको. नंदा खमकी होती एवढं सांगितलं तरी पुरे.

पहिल्या संध्याकाळी त्याला खुर्चीत बसवताना डॉक्टरांनी दिवा वळवला आणि सवयीनं म्हणाले, "आ करा."

सवयीनं सर्जेरावानंही आ केला. डॉक्टरांनी आत बघितलं. थोडा जास्तच वेळ बघितलं.

"हं," एवढंच म्हणाले आणि दिवा बंद केला.

चोरखिशातली डबी सर्जेरावानं त्याच संध्याकाळी खुर्चीच्या गादीखाली सरकवली. खायची सोय अशीही नव्हती. तंबाखू खायला दोन हात लागतात, ही गोष्ट त्यानं चाळीस वर्षांत कधी ध्यानात घेतली नव्हती. एका तळव्यावर ठेवायची आणि दुसऱ्या अंगठ्यानं मळायची. अंगठा तर आता कमानीचं टोक झालेला. दुसऱ्या दिवशी नंदा बाहेर गेल्यावर त्यानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं डाव्याच हातावर मळायचा प्रयत्न केला; तंबाखू टाकीत सांडली, नारिंगी माशानं एक कण खाल्ला आणि तो तासभर उलटा पोहत होता. सर्जेरावानं नाद सोडला.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. बरोबर चार वाजता.

"लई दुखतंय गं," तो म्हणाला.

नंदानं बाम काढला, त्याच्या कपाळाला चोळत म्हणाली, "व्हय. कुठलीबी सवय तुटली की चारलाच दुखतं. मला म्हाईत हाय नव्हं. म्हैना-दोन म्हैने दुखतं, मग नुसतं आत रिकामं रिकामं वाटतं. तुमची कुठली सवय तुटलीया?"

"माझी? कुठली न्हाई. खारं पाणी बाधलं आसंल."

"आसंल," नंदा म्हणाली. चोळता चोळता थांबली. "काय सांगायचं हाय काय मला?"

सर्जेरावाच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिच्या बोटांना बामाचा वास येत होता, तीन वर्षं ज्या बामानं ती कपाळ चोळत आली त्याच बामाचा. आता सांगितलं तर ती काय करेल? रडेल? की हसेल? नुसतीच उठून जाईल? या खुर्चीत पडून ते बघावं लागेल, तोंड फिरवायचीही सोय नाही. आणि पाचच दिवस तर राहिलेत. दगड मऊ पडला की विषयच संपला.

"न्हाई," तो म्हणाला.

"बरं," म्हणून नंदा आत गेली. परत आल्याचा वास आला. या घरात आलं फारच खपतं, असं सर्जेरावाला वाटलं.

पाचव्या दिवशी आणि सहाव्या दिवशीही तिनं तोच प्रश्न विचारला. सातव्या दिवशी विचारलं नाही, तेव्हा सर्जेरावाला उगाच भीती वाटली. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. डोकं दुखायचं थांबलं होतं. सकाळी उठल्यावर जीभ हलकी वाटत होती. डॉक्टरांनी दिलेली साधी पोळी-भाजी चवीला लागत होती. तंबाखूची आठवण आली तरी नुसती आठवण यायची, ओढ नाही. मागच्या खेपेला नऊ दिवस नुसता तडफडत होता, आणि आता काही न करता, हात बांधून ठेवल्यावर, सुटली! त्याला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार कुणाला? जी तीन वर्षांपूर्वी सुटली ती आज पुन्हा सुटली म्हणून?

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर भिंग घेऊन टाकीशी आले आणि जागच्या जागी उडाले.

"सर्जेराव! हलू नका!"

"कुठं हलू?"

"तुमच्या हातावर पिल्लं बसलीत! प्रवाळाची! गेल्या आठवड्यात माझ्या प्रवाळांनी अंडी सोडली, ती पिल्लं जागा शोधत फिरत होती. सहा खडक केलेत तुम्ही, त्यांच्यावर एक नाही. सगळी तुमच्या मनगटावर!"

आणि खरंच, पांढऱ्या बांगडीवर आणि खालच्या पंजावर गुलाबी, मोहरीएवढे ठिपके होते. मनगटापाशी दोन, अंगठ्याच्या फुगवट्यावर सात, बाकीचे बोटांच्या खाचांत. घरच्या टाकीत प्रवाळानं पिल्लं धरणं ही साध्यासुध्या लोकांच्या नशिबी येणारी गोष्ट नव्हती. डॉक्टरांचे डोळे पाणावले. "ऊब," ते म्हणाले, "तुमच्या अंगाची ऊब मानवली त्यांना. तुम्ही देवमाणूस आहात हो."

देवमाणूस म्हणाला, "दगड मऊ पडला का तेवढं बघा."

दगड मऊ पडला नव्हता. पण डॉक्टरांना आता ते बघायची तेवढी घाईही राहिली नव्हती. त्यांनी आनंदाच्या भरात दहाव्या दिवशी संध्याकाळी कक्षाकडे नोंदणीचा अर्ज पाठवला.

अकराव्या दिवशी, चार वाजायच्या सुमारास, प्रवाळ नोंदणी कक्षाच्या निरीक्षक निलोफर मुजावर मॅडम आल्या. तिशीच्या, अतिशय नम्र. त्यांनी आधी बूट बाहेर काढले, मग टाकीसमोर वाकून खडक मोजले.

"नोंदीत सहा आधारखडक आहेत. हा सातवा कुठून आला?"

"मॅडम, त्यो खडक न्हाई," सर्जेराव म्हणाला. "माझा हात हाय."

मॅडमनी भिंगातून बघितलं. "यावर एकोणीस पिल्लं आहेत."

"आसतील, पर खाली हात हाय."

"काका, प्रवाळ कशावर बसलंय एवढंच आम्ही बघतो. ते कुणाचं आहे हा विषय आमच्या कक्षेत येत नाही." त्यांनी हळूच, काळजीपूर्वक, बांगडीच्या वर कोपराजवळ एक छोटा बिल्ला चिकटवला. आधारखडक क्रमांक सात. "आता पिल्लं दुसरीकडे हलवता येण्याइतकी मोठी होईपर्यंत हा खडक हलवणं, घासणं, त्यावर कुठलंही रसायन टाकणं हा गुन्हा आहे."

"किती दिस?"

"आठ महिने. पिल्लांची तब्येत चांगली राहिली तर."

सर्जेरावाच्या डोळ्यांपुढं आठ महिने उभे राहिले. गणपती गेले. दिवाळी गेली. दात काढायच्या खुर्चीत आपण, समोर नारिंगी मासा. आणि अकरा दिवस आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"चुना हुता!" तो ओरडला. "तंबाखूचा चुना! मी खोटं बोललो! अंगठ्याला चुना हुता! कंपनीला फोन लावा, आत्ताच्या आत्ता लावा!"

डॉक्टरांनी लावला. सहायिकेनं सगळं ऐकून घेतलं. "धन्यवाद. चुन्याची सोडवणी आमच्याकडे तयारच असते. दहा मिनिटांत हात मोकळा. आपण संकोच करू नये, आमचे शंभरातले साठ ग्राहक चुन्याचेच असतात. पाठवू का?"

"पाठवा!" सर्जेराव म्हणाला.

"नको," मुजावर मॅडम म्हणाल्या. "सोडवणीनं पिल्लं मरतील. नोंद झाली आता." मग त्यांनी कागद चाळला आणि अगदी मनापासून हळहळल्या. "काल संध्याकाळी सहाच्या आधी टाकली असती, तर मला काही म्हणता आलं नसतं. कालपर्यंत तो हातच होता."

सर्जेरावानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर माशाकडे बघत म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दातांवरून. पण म्हटलं, खासगी गोष्ट आहे. आणि नंतर... नंतर पिल्लं बसली."

आता उरली नंदा. सर्जेरावाची तिच्याकडे मान वळवायची हिंमत होत नव्हती. स्वयंपाकघरातून नेहमीचा वास येत होता. ती बाहेर आली. हातात कप आणि बशी. ती खुर्चीसमोर स्टुलावर बसली, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली.

"नंदे," सर्जेराव म्हणाला, "तू... चहा?"

"डॉक्टर काळी काफी पितात. एवढं आलं कोण खातं वाटलं तुमाला?"

"कधीपासनं?"

तिनं उजवा तळवा त्याच्यासमोर धरला. पिवळाधमक. "त्या दिवशी तुमचा हात धरला. फोनवर 'न्हाई' म्हणालासा आनि माझा तळवा लालभडक. हळदीला चुना लागला की काय हुतं, हे मार्केट यार्डात पंचवीस वर्सं काढलेल्या बाईला सांगायला लागतंय व्हय? कुंकू आसंच करत्यात."

"मग सांगितलं का न्हाईस त्यांना? माझा हात... आगं, अकरा दिस!"

"तुमी सांगाल म्हणून थांबले." तिनं बशी तोंडाला लावली नाही, नुसती धरून ठेवली. "रोज वाटायचं, आज सांगतील. तीन वर्सं तुमच्या तंबाखूपायी डोकं दाबत बसले मी. अंबाबाईपुढं तोंड वर करून सांगत हुते, बाई, तू माझं ऐकलंस. काय म्हणली आसंल ती मला?"

मॅडम अर्ज भरत होत्या. डॉक्टरांनी माशांना खाणं टाकलं, नुकतंच टाकलेलं असूनही.

आणि मग सर्जेरावाला आपल्याजवळची एकमेव चांगली बातमी आठवली. खरं तर तिथं गप्प बसायला हवं होतं. पण अकरा दिवस खोटं बोलून माणूस दमला होता, खऱ्याची त्याला घाई झाली होती.

"नंदे, पर आता सुटली बघ. खरंच सुटली. अकरा दिस चिमूट न्हाई खाल्ली. मळायला दुसरा हात कुठाय? आता वासबी नको वाटतो. तुझी शपथ."

नंदाची फुंकर थांबली. "काय म्हणालासा?"

"सुटली."

"अकरा दिस?"

"अकरा. आनि अजून आठ म्हैने तर खाता येतच न्हाई."

ती बशीकडे बघत राहिली. वाफ वर येत होती. तिच्या चेहऱ्यावर हिशेब उमटत गेला. तंबाखू खरोखर सुटली, म्हणजे नवस फळला, म्हणजे आता, या क्षणापासून, जन्मभर. तीन वर्षं फुकट गेली ती गेलीच, आणि खरी शिक्षा तर आत्ता सुरू होत होती.

नंदानं बशी टाकीच्या कडेवर अलगद ठेवली. पुढं वाकली आणि हात सरळ खुर्चीच्या गादीखाली घातला. शोधावं लागलं नाही. डबी काढली. एका बाजूचं झाकण उघडून डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, दुसऱ्या बाजूचं उघडून नखावर चुना घेतला. आणि तीस वर्षं ज्या हालचाली नुसत्या बघितल्या होत्या त्या अंगठ्यानं तिनं मळायला सुरुवात केली. पिवळ्या तळव्यावर चुना फिरला तसा तो नारिंगी झाला, मग लाल, मग गडद कुंकवासारखा. तिनं थापटी मारली, धूळ फुंकून टाकली आणि चिमूट त्याच्या तोंडासमोर धरली.

"आ करा."

"आगं, नको. आता खरंच नको वाटतंय..."

"आ करा म्हणते नव्हं."

सर्जेरावानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तेवढा तो हात टाकीत घालू नका." मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, खडकाला काय खायला घालावं याबद्दल नियमांत काही नाही. त्यानं उजवा हात ओढून बघितला, उगाच, अकराव्या दिवशीही. हात हलला नाही. बिल्ला तेवढा हलला.

त्यानं आ केला.

तंबाखू कडूजहर लागली. डोळ्यांत पाणी आलं, डोकं गरगरलं, पहिल्यांदा खाणाऱ्या पोराला होतं तसं सगळं झालं. थुंकायचं भांडं खुर्चीच्या डाव्या बाजूला होतं, आणि हात टाकीत असल्यामुळे डावीकडे त्याला वळता येत नव्हतं.

नंदानं बशी उचलली, वाफ उडेपर्यंत फुंकर मारली आणि तीन वर्षांची उधारी वसूल करत असल्यासारखा मोठ्ठा, सावकाश भुरका मारला.

"उद्या चारला परत येते," ती म्हणाली.